रस्ता बंद, गाडी वळवली आहे

मी कंडक्टरच्या हातातला, तिकिटांना भोकं पाडणारा चिमटा बोलतोय. अंगापिंडानं लहान, पण माझी टकटक ऐकून डुलक्या घेणारा प्रवासी दचकून खिसा चाचपायचा!

आमच्या साहेबांच्या हातात मी उभी हयात गाडीत उभ्यानं काढली. खिडकी मिळाली की राजा, नाही मिळाली की सारं जग वाईट, अशी माणसं मी रोज पाहिली. गाडी नेहमीचा रस्ता सोडून वळली की मात्र सगळ्यांचीच लहान पोरं होत. "अहो, कुठं नेताय आम्हाला?" म्हणून एकच गिल्ला. साहेब मला दांड्यावर वाजवून म्हणत, "रस्ता बंद आहे, गाडी वळवली आहे. बसून घ्या. मी आहे ना."

निवृत्तीनंतर मी कपाटात गंजत पडलो. पुढे साहेबांना विसर पडू लागला. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. आधी चष्मा, मग वार, मग बायकोचं नाव. एक दिवस कपाट उपसताना मी त्यांच्या हाती लागलो आणि माझी चंगळ सुरू झाली. वर्तमानपत्र, औषधाची चिठ्ठी, जावयाच्या नव्या शर्टाची बाही, कशाला म्हणून सोडलं नाही. जावई हसून म्हणाला, "बरं झालं, हवा खेळती राहील."

पण घरात काही बदललं की साहेब बिथरत. नुसती खुर्ची हलवली, तर दिवसभर उपाशी राहिले. आणि एका सकाळी पाइप फुटला. प्लंबर म्हणाला, "फरशी फोडावी लागेल. सामान हलवा." लेकीकडे राहायला जायचं ठरलं.

"बाबा, चला ना," लेक म्हणाली.

"तू कोण? मी कुठंही येणार नाही!"

जावयानं दंडाला धरलं, तसे साहेब मला मुठीत आवळून हात झटकू लागले. असं ओढून नेलं तर उरलासुरला माणूसही हातचा जाईल, या भीतीनं बाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, रडू फुटलं. पिशवी पोटाशी धरून त्या म्हणाल्या, "अहो, कुठं नेतायत आपल्याला? मला तर काही सुचत नाही!"

साहेबांचा हात थांबला. माझ्या ओळखीचा घट्टपणा बोटांत आला. पलंगाच्या दांड्यावर टक, टक!

"रस्ता बंद आहे, गाडी वळवली आहे. घाबरू नका बाई, मी आहे ना."

आणि उठले की! "पुढे सरका, पुढे सरका," जावयाला. "दारात उभं राहू नका," प्लंबरला. बिचारा पाना सावरत बाजूला झाला.

आता आमचा मुक्काम लेकीकडेच आहे. नवी खोली, नवा पेला, काहीही आलं की आधी लेक विचारते, "कंडक्टर, गाडी वळवली का?" मग साहेबांची परवानगी मिळते. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर कृपा करून दंडाला धरून ओढू नका. त्यांच्या हाताला ज्याची सवय आहे, ते आधी हातात द्या. आणि मला कधीतरी तेलाचा थेंब द्या, सांधे धरलेत.

काल संध्याकाळी बाईंनी हळूच विचारलं, "मास्तर, माझं तिकीट?"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. नाव काही आठवलं नाही. मग मला खिशात ठेवत शेजारी बसले.

"तुम्ही तर रोजच्याच. तुमचं काढलेलं आहे."