सायकलवरची सवाष्ण

"विमलबाई काय म्हणली?" कुसुमताईनं कढईवरची नजर न काढता विचारलं.

"तीन घरी जेवून झालं म्हणे. चौथ्या घरचं पोटात मावणार नाही."

"आन् करिष्मा?"

"तिचं चार वाजेपर्यंत फास्टिंग असतं."

"उपास?"

"उपास नाही. फास्टिंग."

"मंग जेवली तर बाटती का?"

मला काय माहीत. साडेबारा वाजले होते. खीर झाली होती, पुरणपोळ्या झाल्या होत्या, वडे तळून होत आले होते, आणि जेवायला बसवायला सवाष्ण नव्हती.

अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात, ओटी भरतात, साडी देतात. शालनला, माझ्या बायकोला, जाऊन दीड वर्ष झालं. पहिल्या वर्षात हे करत नाहीत, म्हणून ही तिची पहिलीच नवमी. कुसुमताई माझी थोरली बहीण. ती विधवा, त्यामुळे रांधू शकत होती, पानावर बसू शकत नव्हती.

पुतण्याची बायको तनुजा यायची ठरली होती. रविवार होता, पण आमच्या चाकण पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. तिचा फोन आला, "आप्पा, पुढच्या पाळीची रिलिव्हर आलीच नाही. लाइन सोडून कशी येऊ?" शेजारच्या साधनाला अडचण आली होती. विमलबाई, करिष्मा वाडीतल्याच, त्यांचं हे असं. राहिलेल्या बायका कुणाच्या ना कुणाच्या घरी आधीच बोलावलेल्या.

मला राग याचा येत होता की शालन दरवर्षी नवमीला पाच-पाच घरी जेवायची. सगळीकडे थोडं थोडं खायची, पण नाही म्हणायची नाही. मी चेष्टा करायचो, आज पगारी जेवण दिसतंय. आणि आता तिच्या पानावर बसायला अख्ख्या वाडीत एक बाई मोकळी नव्हती.

तेवढ्यात मागच्या बाजूनं हाक आली. "काका, इथे कुठे सायकलचं दुकान आहे का?"

आमचं घर भामचंद्राच्या डोंगराच्या पायथ्याशी. दर रविवारी वाकड-थेरगावची मंडळी मोटारसायकलीच्या किमतीच्या सायकली घेऊन येतात. वनखात्याच्या झाडीतून चढतात, लेणी बघतात, मग आमच्या मागच्या घळीतून दगडांवरून उड्या मारत उतरतात आणि चाकणच्या जुन्या किल्ल्याकडे जातात. माझे आजोबा त्या घळीतून बैल नेत नव्हते.

ही पस्तिशीची बाई होती. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर हेल्मेट, हातात तुटलेली चेन.

"डोंगरावर सायकलचं दुकान कोण टाकणार, ताई?" मी म्हटलं.

"हो, ते पण आहे. आमच्या ग्रुपमधला निरंजन पुढे गेला, हत्यारं त्याच्या बॅगेत. आणि त्याचा फोन लागत नाही."

"बरोबरच्यानं मागं वळून बघायचं असतं."

"त्याला टायमिंग काढायचंय," ती म्हणाली. तीही वैतागलेलीच होती.

कुसुमताई झारा हातात घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. "बाई हाय," ती माझ्या कानाशी म्हणाली. "लगीन झालंय का इचार."

"मी विचारू?"

मग तिनंच विचारलं. बाई गोंधळली. "झालंय. का?"

"गळ्यात काय न्हाई ते."

"सायकलवर नाही घालत, आजी."

मी तिला सगळं सांगितलं. एकतीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला होतो. "तुमची चेन मी जोडून देतो. तोवर तुम्ही आमच्याकडे जेवा. एवढे उपकार करा."

"चेन जोडायची मजुरी मी द्यायची की तुम्ही?" ती हसली. नाव वर्षाली सांगितलं. तिनं बूट काढले, हातपाय धुतले. कुसुमताईनं तिच्या गुडघ्यांवर घ्यायला धुतलेली चादर दिली आणि तिला आत नेलं.

मी ओट्यावर बसलो. या सायकलींची चेन बारीक, पिन सुईसारखी. वाकलेली कडी व्हाइसमध्ये धरून खिळ्याचं टोक घासलं आणि हलके ठोके देऊन पिन काढू लागलो. खिडकी उघडी होती, आतलं ऐकू येत होतं.

"मालक काय करत्यात?" कुसुमताई विचारत होती. हळद-कुंकू लावत असणार.

आतून पाट सरकल्याचा आवाज आला. मग वर्षाली म्हणाली, "आजी, एक सांगायचं राहिलं. आम्ही दोन वर्षं वेगळे राहतो. कोर्टात केस आहे, पुढच्या महिन्यात निकाल लागेल. तुम्ही लग्न झालंय का विचारलंत, मी हो म्हटलं. पण तुम्हाला जशी बाई हवीय तशी मी नाही बहुतेक. मी उठते."

खिळा सटकला आणि हातोडी अंगठ्यावर बसली.

कुसुमताई बाहेर आली. "ऐकलंस? आता काय करायचं?"

"घटस्फोट झाला का?"

"पुढल्या म्हैन्यात."

"म्हणजे आज नाही झाला."

"तसं न्हाई रे सयाजी. शालनच्या नावचं पान हाय. तिला काय वाटंल?"

"तिला काय वाटेल ते तुला चांगलं माहीत आहे," मी म्हटलं.

आमच्या लग्नाच्या चौथ्या वर्षी शालन चौदा महिने माहेरी राहिली होती. मी तिला घालून पाडून बोलायचो आणि मग आठ-आठ दिवस बोलायचोच नाही. ती गेली, मी आणायला गेलो नाही. त्या वर्षीच्या नवमीला माहेरच्या गावात तिला चार घरी जेवायला बोलावलं होतं आणि ती गेली होती. पान वाढताना कुणी तिला विचारलं नाही की तुझा नवरा आहे कुठे. हे मला कुसुमताईनंच सांगितलं होतं, कारण शेवटी तीच मला हाताला धरून तिकडे घेऊन गेली.

कुसुमताई पदरानं झारा पुसत उभी राहिली.

वर्षाली दारात आली. कपाळावर कुंकू, हातात हेल्मेट. "काका, राहू दे. दुसरं कुणीतरी बघा."

"कोण दुसरं?" माझा आवाज चढला. "सकाळपासून फोन करतोय. एकीची लाइन आहे, एकीला अडचण आहे, एकीचं पोट भरलंय, एकीचं फास्टिंग. तुम्ही तुमच्या पायांनी आलात. आता तुम्हीही उठून चाललात तर मी त्या पानासमोर काय सांगू? बसा, ताई."

तिला फास्टिंगचं हसू आलं. ते दाबत ती परत जाऊन पाटावर बसली. कुसुमताईनं खीर वाढली.

वर्षालीनं लगेच घास घेतला नाही. "काकूंचं नाव काय?"

"शालन," मी दारातून म्हटलं. दवाखान्याच्या फॉर्मनंतर मी ते मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. लोक 'तुमची मंडळी', 'वहिनी' असंच म्हणत आले.

"यातलं त्यांना काय आवडायचं? त्यानं सुरुवात करते."

मी पानाकडे बघितलं. खीर, पुरणपोळी, वडे, गवार, आमटी, भात. मग कुसुमताईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

चौतीस वर्षं मी आधी जेवलो. तिचं पान मागाहून, आत. ती काय आधी खाते आणि काय शेवटाला ठेवते हे मी कधी बघितलंच नव्हतं. मला काय आवडत नाही ते मात्र सगळ्या वाडीला पाठ होतं.

"मग सगळंच खाते," वर्षाली म्हणाली आणि जेवू लागली. मनापासून जेवली. गवार दोनदा मागून घेतली. डोंगर चढून आलेलं माणूस जेवतं तशी.

ओटी घ्यायला पदर नव्हता. तिनं जर्सीचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरलं. नारळ पाठीवरच्या खिशात गेला, साडी आणि तांदूळ बॅगेत. साडी हिरवी होती. ती नको म्हणेल असं मला वाटलं होतं, पण तिनं घडी उलगडून काठ बघितले आणि परत नीट घातली.

"एक कडी काढावी लागली," मी सायकल तिच्या हातात देत सांगितलं. "चेन तेवढी आखूड झाली. पुढचं आणि मागचं मोठं चक्र एकदम लावू नका, परत तुटेल."

"नाही लावणार." ती वाकून माझ्या आणि ताईच्या पाया पडली आणि निघाली. वळणापर्यंत मी चेनचा आवाज ऐकत होतो. नीट चालत होती.

तीनच्या सुमाराला विमलबाई आली. चेहरा ओशाळलेला. "सायकलवाली गावली म्हणं. बरं झालं बाई. माझ्या जीवाला लागून राहिलं होतं."

"विमलबाई, शालन तुमच्याकडं जेवायची तेव्हा आवडीनं काय खायची?"

"कढी," तिनं लगेच सांगितलं. "तीन-तीन वाट्या. भातावर न्हाई, नुसती प्यायची."

"घरी तर कधी केली नाही."

"तुमाला आंबट चालत न्हाई ना. म्हणायची, एकटीसाठी कुठं ताक घुसळत बसू." ती टोमणा मारत नव्हती. जे होतं ते सांगत होती. "आज सासूबाईंच्या पानासाठी केलीया. उरलीय थोडी. आणू?"

ती तांब्याभर घेऊन आली. कुसुमताईनं माझ्यापुढं वाटी ठेवली. "गार हाय. ऊन करून देऊ?"

"राहू दे."

मी प्यायलो. आंबट होती, आल्याचा वास होता. विमलबाई उंबऱ्याशी उभी राहून बघत होती.

"मीठ बरं हाय ना?"

"बरं आहे," मी म्हटलं, आणि वाटी पुन्हा पुढं केली.