वाकून नमस्कार

"वाकलं की भोवळ येते, आडवं झालं की दोन मिनिटांत बरं वाटतं. असंच ना?" डॉक्टर गार्गींनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

एकोच्या टेबलावर डाव्या कुशीवर निजलेली पुष्पलता "हो" म्हणाली. उशाशी तिचा नवरा ईश्वरदास उभा होता.

पडद्यावर तिच्या हृदयात लिंबाएवढी गाठ देठावर झुलत होती. "अशी गाठ फार क्वचित दिसते. कॅन्सरची वाटत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण शरीर वाकलं की झडपेच्या तोंडाशी येऊन अडकते. एखाद्या वेळी जिवावर बेतलं असतं. लगेच ऑपरेशन करून काढू. कधीपासून होतंय?"

"वर्ष झालं. मी ह्यायले सांगून राहिली होती..." तिने नवऱ्याकडे पाहिलं.

सांगितलं होतं तिने. पण सदर बाजारातल्या कापडदुकानात गिऱ्हाइकांचे बहाणे ओळखण्यात जन्म गेलेला हा शहाणा! आडवी होताच बरी होणारी बाई त्याच्या लेखी नाटकीच. त्यात विणकरांचं घर, थोरल्यांच्या पायावर डोकं टेकवायची रीत, आणि ही लांबूनच हात जोडू लागली. उमरेडला पुतणीच्या, मयुरीच्या साखरपुड्यात त्याचं टाळकं सरकलं. चारचौघांत तो ओरडला, "कायचा एवढा माज वं तुले? दादाच्या पाया पड!" ती निमूट वाकली आणि कोसळली. "नाटकं करून राहिली," असं म्हणून तो हसला. लोकही हसले. आठवड्याने ती पुन्हा पडली, तेव्हा मयुरीनेच हट्टाने काकूला इथे आणायला लावलं. आता ते हसू आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, मीच तिले..."

ऑपरेशन नीट झालं. तीन महिन्यांनी वाकायची परवानगी मिळाली, त्याच रविवारी दादा, म्हणजे थोरले भाऊ मनोहरराव, ईश्वरदासच्या हुडकेश्वरच्या घरी आले. पुष्पलता पदर सावरून त्यांच्या पाया पडली आणि सरळ उभी राहिली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मग ती ईश्वरदासकडे वळली.

त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"पाय काढा नं जी बाहेर," ती हसत म्हणाली. "आता नाही पडत मी."

"नको वं," तो जमिनीकडे पाहत पुटपुटला.

ती वाट पाहत उभी राहिली. त्याचे पाय काही बाहेर येईनात.