शेजारची गल्ली

झाडायच्या वेगावरून तिला सगळे तुरतुरी म्हणत. आज तर तिच्या वाट्याची गल्ली अर्ध्या वेळेतच चकाचक झाली. होणारच. काल सणाचे फटाके उडवायला ती नवऱ्याला आणि पोरींना मुद्दाम शेजारच्या गल्लीत घेऊन गेली होती. "इथे नको, सकाळी मलाच झाडायचंय," असं म्हणाली होती आणि स्वतःच्या हुशारीवर खूशही झाली होती.

शेजारची गल्ली मावशींची. मावशी कंबरेने अधू झालेल्या, तोंडाने मात्र खणखणीत. मी यायच्या आत गल्ली साफ दिसली नाही, तर तुम्हाला घरी बसवून दुसरी बाई लावीन, असं मुकादमाने कालच बजावलं होतं.

तुरतुरी डोकावली तर मावशी अजून पहिल्याच कोपऱ्यात. फटाक्यांच्या कागदाचा चुरा दवाने रस्त्याला चिकटला होता आणि झाडूला अजिबात दाद देत नव्हता. धावत जाऊन तिने मावशींच्या हातातला खराटाच घेतला.

"मेल्यांना स्वतःचं दार नव्हतं वाटतं," मावशी कंबर धरून पायरीवर टेकल्या. "आणि तू गं, आपलं काम उरकून परत इथे राबतेस? पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं."

तुरतुरीला मान वर करवेना. ती नुसती झाडत सुटली.

मुकादम आला तेव्हा रस्ता लख्ख होता.

"वा," तो तिला म्हणाला, "दोन्ही गल्ल्या तूच उरकतेस, तर दोन्ही तूच घे. मावशी, उद्यापासून तुम्ही आराम करा."



"साहेब, हा कचरा माझा होता," तुरतुरी बोलून गेली. "माझी गल्ली घाण नको म्हणून आम्हीच इथे येऊन फटाके उडवले. एरवी मावशी वेळेत उरकतात. खरंच उरकतात."

"बरं. उद्या येऊन बघतो," म्हणून मुकादम निघून गेला.

तुरतुरीला हायसं वाटलं. गल्ली तर वाचली. आता मावशी शिव्या घालतील, घालू देत, चार दिवसांनी हसतील.

मावशी भिंतीला धरून उठल्या. त्यांनी तिच्या हातातून खराटा काढून घेतला आणि झाडून झालेला रस्ता पहिल्या कोपऱ्यापासून पुन्हा झाडायला घेतला.