बाईंची रांग

वेदिका अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हवं ते बोटाने दाखवायची, नको असलं की मान फिरवायची. शब्द मात्र एकही नाही. डॉक्टरांनी कान तपासले, "ऐकू उत्तम येतंय, धीर धरा," म्हणाले. धीरच तर स्वानंदीकडे नव्हता. शेजारचा सर्वेश वेदिकापेक्षा धाकटा, आणि तो कुंपणावरून "कावळा! कावळा!" ओरडायचा. तो ओरडला की स्वानंदी त्या बाजूची खिडकी लावून घ्यायची.

तिची ही काळजी हसण्यावारी न नेणारं घरात एकच माणूस होतं, नवऱ्याची आजी, पद्मजाबाई. पूर्णगडच्या शाळेत त्यांची सारी नोकरी पहिलीच्या वर्गावर गेली.

"अगो, निम्मी पोरं दिवाळीपर्यंत तोंड उघडत नसत," त्या म्हणायच्या. "मग उघडलं की बंद करायला मला घसा फोडावा लागे. आणि पहिला शब्द 'आई' असेल या भ्रमात राहू नकोस हो. मुलं आपल्याला हवं ते कधी बोलतात?"

"मग काय बोलेल?"

"ते मला आधी येऊन सांग."

आता सांगायला आजी नव्हत्या. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, दुपारच्या झोपेत, कुणाला हाकही न मारता गेल्या. तेराव्याला पिकल्या केसांचे विद्यार्थी आले आणि पंख मोडलेला बगळा छत्रीत घालून आणणाऱ्या, वर्गातल्या कपाटाखाली कुत्रीचं बाळंतपण करणाऱ्या बाईंच्या गोष्टी सांगत बसले. स्वानंदीला मात्र मागल्या दारची दुपार आठवत होती.

जेवणं आटोपली की आजी चिऱ्याच्या वरच्या पायरीवर बसायच्या. घर शाकाहारी, पण बाबल्या, त्यांचा जुना विद्यार्थी, बंदरावरून मांजरांसाठी मासळीची डोकी आणायचा. आजी ती पत्र्याच्या थाळीतून, चिमट्याने वाढायच्या. "रांगेत! ढकलाढकली नको. मैना, तू मोठी ना? मागे!" मैना म्हणजे पांढरी म्हातारी मांजर. आणि नवल म्हणजे ती खरंच मागे व्हायची.

"वेदिकाला बसू दे की माझ्याजवळ," असं आजी एकदा म्हणाल्या होत्या. ओरखडे, चावे, इंजेक्शनं, सगळं स्वानंदीच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. ती नको म्हणाली. "बरं, खिडकीतून बघू दे," आजी म्हणाल्या. तेव्हापासून रोज दुपारी वेदिका खिडकीतल्या बाकावर उभी राहून, गजांना नाक लावून बघायची.

सुतक फिटेपर्यंत बाबल्या फिरकला नव्हता. आज आला.

"त्याला सांग, आता नको," सासूबाई आतूनच म्हणाल्या. "आईंसाठी सोसला इतकी वर्षं तो वास."

स्वानंदीने वेदिकाला बाकावर उभं केलं आणि ती मागल्या दारी गेली. साठी उलटलेला बाबल्या पिशवी उंच धरून उभा होता. मांजरं त्याच्या पायांत घुसत होती, एकमेकांवर फिस्कारत होती.

"काय दंगा हाय बघा सूनबाई! बाईंनी मला पहिलीत दोनदा बसवला, तरी मी काय रांगेत उभा राह्यलो नाय. ही जनावरं राह्यली. आणि आता बघा."

"बाबल्याकाका, एक सांगायचं होतं..."

"लांगेत!"

स्वानंदी गर्रकन वळली. खिडकीत वेदिका. कपाळाला आठ्या, एक बोट वर, थेट आजींसारखं.

"लांगेत! मैना, मागे!"

बाकीच्या मांजरांनी काही ऐकलं नाही. मैनेने मात्र खिडकीकडे मान वर करून पाहिलं आणि मागे सरकून शेपटी गुंडाळून बसली. बाबल्याही नकळत एक पाऊल मागे झाला.

स्वानंदी आत धावली, ती वेदिकाकडे नाहीच, आजींच्या खोलीकडे. "आजी, वेदिका बोलली..." उंबऱ्याशी तिचा पाय अडखळला. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. चष्म्याचं घर तेवढं उशाच्या फळीवर तसंच होतं.

थोड्या वेळाने तिने वेदिकाला कडेवर घेतलं आणि फडताळामागची पत्र्याची थाळी आणि चिमटा काढला.

"सांगितलंस का गो त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"सांगते. उद्या थोडी जास्तच आणा म्हणून."

मागल्या दारी आल्यावर वरच्या पायरीशी ती घुटमळली. मग ती पायरी तशीच मोकळी ठेवून, लेकीला घट्ट धरून, खालच्या पायरीवर बसली.