बाटलीतलं ऋण

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या टेबलावर बाटलीबाबा काचेची नळी दिव्यावर धरून बसले होते. नळीत कुणाची तरी लघवी. उकळी फुटली आणि आत पांढरं साकळलं. लोक माना उंचावून बघू लागले.

"डॉक्टर लिहितात, रीनल. अर्थ सांगतात का? रीनल म्हणजे ऋणल. पूर्वजांचं ऋण. हे बघा, वर आलं."

मग बाटली पडद्यामागे न्यायची, मंत्र फुंकायचा, परत आणून उकळायची. आता नळी नितळ. ऋण फिटलं, गोळ्या बंद.

गर्दीत बसलेल्या एका तरुण आईच्या मांडीवर तिची चार वर्षांची लेक होती, पापण्या सुजलेल्या. रोज उठल्याबरोबर आधी लेकीचे डोळे बघायचे, अशी तिची गत झाली होती. फायलीवर तोच शब्द होता, रीनल. सासूबाईंनी सकाळपासून गोळ्यांची डबी पदराखाली दडवली होती. इतकुशा पोरीला किती विष घालशील, म्हणाल्या. आपल्या गल्लीतल्या शिंप्याच्या बायकोच्या गोळ्या बाबांमुळे बघ कशा सुटल्या. नवरा छताकडे बघत म्हणाला, आई म्हणतेय तर एकदा दाखवू. ती कबूल झाली, पण बाटली मी भरणार म्हणाली.

नंबर आला. नळीत पांढरं साकळलं.

"आईकडच्या तीन पिढ्यांचं आहे," बाबा म्हणाले. सासूबाईंनी सुनेकडे बघून घेतलं.

बाटली पडद्यामागे जाऊन आली. नळी नितळ. सासूबाईंचे हात जोडले गेले.

ती उठली. "बाबा, बाटली उलटी करा. बुडाला मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय."

ठिपका नव्हता. सभागृहाच्या वॉचमननं पडदा सारला. फळीवर पिवळट पाण्याच्या तशाच बाटल्या ओळीनं मांडलेल्या, आणि कडेला तिची, लाल ठिपक्याची.

"माझ्या बाटलीतही लघवी नाही," ती म्हणाली. " पाण्यात कालवलेलं अंड्यातलं पांढरं आहे, रंगाला थोडा चहा. आता सांगा, कोंबडीच्या कुठल्या तीन पिढ्या?"

सभागृह हसलं. ती हसली नाही. कॉलेजात प्रयोगशाळेत केलेलं तिनं सांगितलं: अंड्यातलं प्रथिन तापलं की साकळतं. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की रक्तातलं तसलंच प्रथिन लघवीत उतरतं, अंगावर सूज येते. रीनल म्हणजे मूत्रपिंडाचा, एवढंच. डॉक्टरांचा परक्या भाषेतला शब्द. ऋणाशी त्याचं नातं फक्त कानापुरतं.

सासूबाईंनी गोळ्यांची डबी तिच्या हातात ठेवली. बाबा मागच्या दारानं पसार झाले होते.

तिसऱ्या रांगेतला शिंपी तेवढा जागचा हलला नव्हता. "ताई," तो म्हणाला, "बायकोच्या गोळ्या मी मोरीत ओतल्या. आज सकाळपासून ती कुणाला ओळखत नाहीये."

हसू जिथल्या तिथे विझलं. चौघांनी शिंप्याच्या बायकोला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. शिंप्याचं मशीन महिनाभर झाकलेलंच होतं.

फायलीवरचा शब्द अडला, तर तो लिहिणाऱ्यालाच विचारा. दोन मिनिटं लागतात. शिंप्याला ती दोन मिनिटं कुणी दिली नव्हती, आणि त्यानंही मागितली नव्हती.