बीटीचं शेपूट

बायको निशिगंधा गेल्याचा फोन बुलढाण्याच्या दवाखान्यातून आला, तेव्हा जानराव देऊळघाटच्या शेतात पराटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं फोडून पाहत होता. अळी लागू नये म्हणून बीटी बियाणं पेरूनही बोंडात गुलाबी अळी होती. दोन्ही गोष्टी त्याला एकाच दिवशी कळल्या आणि दोन्ही खऱ्या वाटेनात.

तेरावं झाल्यावर सबीहा आली. निशिगंधाला कॉम्प्युटर तिनेच शिकवला होता. निशिगंधाने गावच्या बायांसाठी वेबसाइट केली होती. कोणाचं बियाणं फसलं ते बायांनी तिथे लिहायचं. नाव झाकलेलं राहील, असा तिचा शब्द होता. झुंबरबाईने तर ज्या दुकानदाराविरुद्ध लिहिलं, त्याच्याच शेतात ती मजुरीला जायची.

"भाऊजी, नावं उघडी पडतीन," सबीहा म्हणाली. तिने फोनवर पत्ता टाकला. निशिगंधाची फाइल जशीच्या तशी समोर आली. वरच लिहिलं होतं: 'बीटी लावलं. आता कीड लागत नाही.' खाली सगळी नावं उघडणारा पासवर्ड: काऊनवं.

जानराव बघतच राहिला. तिने हाक मारली की 'का गं' म्हणावं तसं तो हेच म्हणायचा. काऊन वं?

"कुलूप नव्हतं का लावलं तिनं?"

"लावलं ना. पण फाइलच्या नावाले टिंबापुढं शेपूट असते. ते पीएचपी असलं तर साइट चालवणारा सर्व्हर फाइल सोताच वाचते, कोणाले दाखवत नाही. ताईनं शेपूट लावलं बीटी. ते त्याले ओळखूच येत नाही. मंग जो मागीन त्याले सारं वाचाले देते."

"बीटीनं तिलेबी फसवलं म्हणा."

सबीहाने शेपूट बदललं, जिथे जिथे जुनं नाव होतं तिथेही बदललं. पुन्हा पत्ता टाकला. पान कोरं.

"गेलं?" जानराव घाबरला.

"आत हाय. फक्त दिसत नाही."

तेराव्याला आलेले लोकही असंच काहीतरी सांगून गेले होते. त्याला तेव्हाही समजलं नव्हतं.

"आता नवा पासवर्ड सांगा. जुना कोणी पाहून ठेवला असंन."

"हाच राहू दे ना."

"अन् झुंबरबाई?"

सबीहाने साइट बंद करून टाकली. "तुम्ही सांगसान तवा चालू करीन."

झुंबरबाई धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, रोज विचारते, "चालू झालं का, बापू?" साइट अजून बंदच आहे. नवा पासवर्ड द्यायचा राहिला आहे.