कोटाच्या दुमडीतलं पदक

ही १९७८ सालची गोष्ट. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी आमच्या मास्तरांनी दुकानात विजेवर चालणारं शिलाई मशीन आणलं आणि जुनं पायमशीन माझ्या गळ्यात मारलं. माझ्याकडे दुरुस्तीची कामं असत. उसवलेल्या शिवणी, फाटके खिसे, विरलेली अस्तरं.

एका सकाळी एक बाई जाडजूड ओव्हरकोट घेऊन आली. कोट आमच्याच गल्लीतल्या फौजींचा. दोन महिन्यांपूर्वी ते गेले होते, आणि ही त्यांची सून. कोट आता तिच्या नवऱ्यासाठी आखूड करायचा होता.

"ताई, खिसे माझ्यासमोर तपासा," ती म्हणाली. "सासूबाईंनी घरी तपासलेत, तरी इथे पुन्हा तपासायचे. बटणंसुद्धा मोजून घ्यायचीत."

"एवढा बंदोबस्त?"

"माझा हात लागला की वस्तू गायब होते, अशी आमच्या घरात ख्याती आहे ना!"

सांगितलं हसूनच, पण कोटाची बाही चुरगाळत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तिने हौसेने घर आवरलं, आणि त्याच आठवड्यात सासऱ्यांचं शौर्यपदक दिसेनासं झालं. सुनेने ते केरात टाकलं, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. तेव्हापासून नऊ वर्षं तिला कपाटाला हात लावायची सोय नव्हती.

खिसे रिकामे निघाले. ती गेल्यावर मी खालची दुमड उसवायला घेतली. ओव्हरकोट खाली नीट पडावा म्हणून मास्तर दुमडीत शिशाच्या चकत्या घालायचे. हाताला एक लागली. चार टाके काढले, तर बाहेर आलं पदक, विटलेल्या फितीसकट. अस्तरावर त्याचा हिरवा गोल डाग पडलेला.

आणि टाके माझे होते, गडद निळ्या दोऱ्याचे. नऊ वर्षांपूर्वी एकदा काळा दोरा संपला म्हणून मी निळा वापरला होता आणि मास्तरांची बोलणी खाल्ली होती. तेव्हा फौजींनी खिशाचं भोक शिवायला हाच कोट टाकला होता. पदक कधीतरी त्यांनीच खिशात टाकलं असणार, आणि त्या भोकातून ते अस्तरात घसरलेलं. माझ्या हाताला ते लागलंही होतं, पण सुटी झालेली चकती समजून मी त्याला दुमडीत पक्कं टाचून टाकलं. त्यानंतर घरच्यांनी खिसे कितीही उलटे केले तरी काय मिळणार होतं?

"खिशात सापडलं म्हणून सांग आणि मोकळी हो," मास्तर म्हणाले. "दुकानाचं नाव कशाला घालवतेस?"

"खिसे सासूबाईंनी तपासलेत, मास्तर. खिशात म्हटलं, तर इतकी वर्षं सुनेनेच दडवलं असं होईल."

मास्तरांनी टेपचं टोक चावलं. "जा मग. पण पुढचे टाके उसवू नकोस. तसेच दाखव."

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. सासूबाई खिडकीपाशी वाटाणे सोलत होत्या, सून इस्त्री करत होती. मी पदक टेबलावर ठेवलं. सासूबाईंनी आधी पदकाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"तिच्याकडे नका बघू, काकू. चूक माझी आहे."

मी कोट पसरला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला, निळा दोरा बोटाने चाचपला, पदक त्या हिरव्या डागावर ठेवून पाहिलं. बरोब्बर बसलं.

"तू शिवतेस की गाडतेस गं?"

"चुकलं, काकू."

त्या सुनेकडे वळल्या. "मग तू तेव्हाच का नाही म्हणालीस, मी टाकलं नाही म्हणून?"

"म्हटलं होतं, आई. पहिल्याच दिवशी. नंतरही."

तेवढ्यात जळका वास आला. सुनेने किंचाळून इस्त्री उचलली. नवऱ्याच्या नव्या सदऱ्याच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "त्याने विचारलं तर सांग, आईने जाळला." मग पदक सुनेच्या हातात देत म्हणाल्या, "आणि हे कुठे ठेवायचं ते तू बघ."

सुनेने ते फौजींच्या फोटोखाली ठेवलं.

पुढे सासूबाई अकरा वर्षं जगल्या. आल्यागेल्याला पदकाची गोष्ट सांगायच्या, आणि तीत खलनायिका मी. शेवटच्या आजारपणात सुनेशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीही घेत नसत. मुलाने कोट निवृत्तीपर्यंत वापरला, डागाचं अस्तर बदलू दिलं नाही. मास्तर डोळ्यांनी अधू झाले, तरी दुकानात येऊन बसायचे आणि प्रत्येक दुमड चाचपायचे. सून आता आजी झाली आहे, तरी मला अजून ताईच म्हणते. मी ब्याऐंशीची आहे. सुई नात ओवून देते. काळा दोरा मात्र मी घरात कधी संपू देत नाही.